परदेशातल्या वर्षाची बेगमी

कोल्हापूरच्या घराला वर्ष कसे चालते हे वेगळे शिकवावे लागत नाही. शिमगा सरला की संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची बाजारात येते, अंगणात वाळवली जाते आणि कांडून वर्षाची चटणी बरणीत भरली जाते. मृग लागण्याआधी धान्याला ऊन दाखवले जाते, कौले परतली जातात, छत्र्यांच्या मोडक्या काड्या दुरुस्त होतात. आषाढात पंचगंगा पात्राबाहेर पडू लागली की राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आले, हा एकच प्रश्न घरोघरी विचारला जातो, आणि ३९ फुटांची इशारा पातळी व ४३ फुटांची धोका पातळी शाळकरी पोरांनाही पाठ असते. पुढे गुऱ्हाळे पेटतात आणि थंडीत नव्या गुळाची ढेप घरात येते. कोणत्या महिन्यात कोणत्या दुकानी जायचे, काय आधी आणून ठेवायचे आणि कशाची घाई करायची नाही, या सगळ्या जाणतेपणाला आपल्याकडे एक जुना शब्द आहे, तो म्हणजे बेगमी.

परदेशी राहायला निघालेली आपली मुले चटणी आठवणीने नेतात, बेगमी मात्र इथेच राहते. गेल्या काही वर्षांत मी लेकीकडे जर्मनीत न्युरेनबर्गला, पुतण्याकडे कॅनडात टोरांटोजवळ आणि बहिणीच्या मुलाकडे ऑस्ट्रेलियात मेलबर्नला काही काही महिने राहून आले. तिन्ही घरांत मला एकच गोष्ट दिसली. पहिले वर्ष जड जाते ते थंडीमुळे किंवा भाषेमुळे जितके, त्याहून अधिक कोणती वस्तू केव्हा आणि कोणत्या दुकानात मिळते हे ठाऊक नसल्यामुळे. गल्लीतली, नात्यातली मुले आता दर वर्षी बाहेर जात आहेत आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे विचारपूस करायला येतात, म्हणून जे सांगते ते एकदा नीट लिहून ठेवत आहे.

पहिला रविवार सांभाळावा

लेकीकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा शनिवारी रात्री ९ वाजता घरी पोहोचले. लेकही त्या घरात आठवडाभरापूर्वीच राहायला आली होती आणि घरात दुधाच्या एका पुड्याशिवाय काही नव्हते. सकाळी उठून सामान आणू, असे ठरवून आम्ही झोपलो. सकाळी कळले की दिवस रविवारचा आहे आणि जर्मनीत रविवारी किराणा, कपडे, हार्डवेअर अशी जवळजवळ सर्व दुकाने बंद असतात. तो ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता, त्यामुळे त्याच रात्री घड्याळेही एक तास मागे गेली होती आणि घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाची वेळ व फोनवरची वेळ जुळेना. सोमवारी १ नोव्हेंबर, म्हणजे सर्व संतांचा दिवस, म्हणून न्युरेनबर्ग ज्या बव्हेरिया प्रांतात आहे तिथे सुटी. कोल्हापूरहून नेलेली थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि थोडे तांदूळ यांवर आम्ही मायलेकींनी ते दोन दिवस काढले. तेव्हापासून माझा पहिला सल्ला ठरलेला आहे. मुलाचे विमान कोणत्या वारी उतरते ते तिकीट काढतानाच पाहावे, आणि वार शनिवार असेल तर दोन दिवसांचा शिधा हाताशी येईल अशा पद्धतीने बॅगेत वरच्या बाजूला ठेवावा.

जर्मनीतल्या रविवारच्या बंदीमागे आळस किंवा मंदी नाही. तिथल्या राज्यघटनेने रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखला आहे. दुकाने बंद करण्याच्या वेळांचा कायदा १९५६ सालचा असून २००६ नंतर तो विषय प्रांतांकडे गेला, म्हणून काही प्रांतांत दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, तर बव्हेरियात रात्री ८ वाजता दारे लागतात. अडीनडीला मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकाने, पेट्रोल पंप आणि सकाळी काही तास बेकरी एवढाच आधार असतो. आपल्याकडे लक्ष्मीपुरीचा आठवडी बाजार रविवारी भरतो आणि रविवार हाच पिशव्या घेऊन बाहेर पडण्याचा दिवस, अशी आपल्या अंगाला सवय असते. ती सवय मोडून बाजाराचा वार शुक्रवारवर आणावा. शनिवारी दुपारी सगळे शहर दुकानांत असते, त्यामुळे रांगा लांब लागतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रकार निराळा आहे. तिथे १९९४ च्या कायद्याप्रमाणे २८० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत सलग ६ तासच उघडता येते आणि ईस्टरचा रविवार व नाताळचा दिवस या दोन्ही दिवशी ती बंद ठेवावी लागतात. लहान दुकानांना हे बंधन नाही. म्हणून कोपऱ्यावरचे छोटे दुकान, जे पुष्कळदा गुजराती, पंजाबी किंवा तमिळ कुटुंब चालवत असते, ते पहिल्या आठवड्यातच ओळखीचे करून घ्यावे. दूध, पाव, अंडी आणि बहुधा हिरवी मिरचीसुद्धा तिथे रात्रीपर्यंत मिळते, दर मात्र मोठ्या दुकानाहून चढे असतात.

बारा रकान्यांचा कागद

घर लागल्यावर पहिल्या पंधरवड्यातच एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखावेत आणि तो कागद स्वयंपाकघरात फ्रीजवर चिकटवावा. प्रत्येक महिन्यात उजेड किती तास असतो, हवा कशी असते, कोणते दिवस सर्व बंद असते, बाजारात नवे काय येते आणि पुढच्या महिन्यासाठी आता काय आणून ठेवायचे, एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. कागद एका दिवसात भरत नाही, आणि भरूही नये. निम्म्या नोंदी शेजाऱ्यांना विचारूनच मिळतात. त्यातही केवळ भारतीय शेजाऱ्यांना विचारून थांबू नये, कारण तेही बहुधा दोनतीन वर्षांपूर्वीच आलेले असतात. त्याच गावात जन्मलेल्या एखाद्या वयस्कर माणसाला विचारावे की थंडी येण्याआधी तुमच्या घरात काय काय करतात. या प्रश्नाला कोणीही टाळत नाही, असा माझा अनुभव आहे. लेकीच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी तिला या एका प्रश्नाच्या उत्तरात जे सांगितले ते महिनाभर फोनवर शोधूनही हाती लागले नसते.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला विशेष आवडली. आपल्याकडे पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस असे नक्षत्रांवरून बोलले जाते, तसे जर्मनीत ११ ते १५ मे या दिवसांना बर्फाळ संतांचे दिवस म्हणतात. त्यातला १५ मे हा शेवटचा दिवस गार सोफीचा. ऊन कितीही लागत असले तरी हे दिवस उलटेपर्यंत पहाटे दहिवर गोठण्याची भीती असते, म्हणून जुनी माणसे नाजूक रोपे त्याआधी बाहेर ठेवत नाहीत. लेकीने पहिल्या वर्षी एप्रिलातच टोमॅटोची आणि मिरचीची रोपे गॅलरीत मांडली होती आणि ती एका रात्रीत काळी पडली. आता ती १५ मे नंतरच कुंड्या बाहेर काढते, त्याच वेळी मेथी आणि कोथिंबीरही पेरते, आणि जून ते सप्टेंबर घरची भाजी खाते.

उजेड आणि घड्याळ

कोल्हापुरात वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सुमारे १३ तासांचा असतो, त्यामुळे उजेडाचा हिशेब करण्याची वेळ आपल्यावर कधी येत नाही. लंडनला डिसेंबरात दिवस ८ तासांहूनही थोडा लहान असतो आणि जूनमध्ये साडेसोळा तासांच्या पुढे जातो. न्युरेनबर्ग आणि टोरांटो थोडे दक्षिणेकडे असल्याने तिथला फरक जरा कमी, तरी नोव्हेंबरात कामावरून परतताना अंधारच असतो. या अंधाराची तयारी कपड्यांइतकीच गांभीर्याने करावी. घरात बसून काम असेल तर दुपारी १२ ते १ च्या दरम्यान जेवणाआधी अर्धा तास बाहेर चालून यावे, संध्याकाळसाठी ते ठेवू नये. स्वयंपाकघरात आणि बसण्याच्या जागी पिवळसर, भरपूर उजेडाचे दिवे लावावेत. ड जीवनसत्त्वाची गोळी घ्यायची की नाही आणि किती, हे तिथल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. मन उगाच उदास राहू लागले तर ते लपवू नये. त्या देशांतले लोकही याविषयी मोकळेपणाने बोलतात आणि डॉक्टरांकडे जातात.

घड्याळांच्या बदलाच्या तारखा इथे कोल्हापुरातल्या घरीही कालनिर्णयावर खुणा करून ठेवाव्यात, नाहीतर फोनच्या वेळा चुकतात. युरोपात आणि ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. कॅनडाच्या बहुतेक भागांत मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार हे बदलाचे दिवस आहेत. म्हणजे जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, तर टोरांटो साडेनऊ आणि साडेदहा तास मागे असते. मेलबर्न आणि सिडनीत हे उलट चालते, तिथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे केले जाते, मात्र त्याच देशातल्या ब्रिस्बेन आणि पर्थ या शहरांत बदल होतच नाही. जपान आणि आखाती अमिरातीत घड्याळाला हात लावत नाहीत. रात्री साडेआठला फोनची वाट पाहत बसलेल्या आजीआजोबांना ही माहिती दिलेली असावी. नातवाचा फोन एक तास उशिरा आला की त्यांच्या जिवाला घोर लागतो.

कपडे, पादत्राणे आणि घरातली ओल

जाड कोट आणि बर्फाचे बूट कोल्हापुरात विकत घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. इथल्या थंडीच्या मापाने शिवलेला कोट तिथे पुरत नाही आणि बॅगेचे वजन मात्र खातो. प्रवासापुरते अंगाला बसणारे आतले उबदार कपडे, एक स्वेटर आणि वारा अडवणारे एक जाकीट एवढे पुरे, बाकीचे तिथे जाऊन, तिथल्या माणसांच्या अंगावर काय आहे ते पाहून घ्यावे. एकच जाड कपडा घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर अधिक ऊब देतात, कारण थरांमध्ये हवा अडकून राहते, आणि दुकानात किंवा रेल्वेत शिरल्यावर उकडले तर एक थर काढताही येतो. सुती बनियन घामाने ओलसर राहते आणि मग थंडी वाजते, म्हणून सर्वांत आतला थर लोकरीचा किंवा लवकर वाळणाऱ्या कापडाचा असावा. पुढच्या वर्षीची खरेदी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत करावी, त्या वेळी दुकाने थंडीचा माल उतरत्या दराने काढून टाकत असतात. वाढत्या वयाच्या मुलांसाठी एक माप मोठे घ्यावे.

कोल्हापुरी पायताण सगळीच मुले हौसेने नेतात, आणि न्यावेच. परंतु त्याचे चामडे वनस्पतींच्या साली व हिरड्याने कमावलेले असते आणि पाण्याने ते खराब होते, म्हणूनच आपणही पावसाळ्यात ते कपाटात ठेवतो. परदेशात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्या खारट चिखलाने चामडे कायमचे बिघडते. तेव्हा पायताण जून ते ऑगस्टमधल्या कोरड्या दिवसांत बाहेर आणि बाकी वेळ घरातच वापरावे.

घरातल्या ओलीविषयी जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण यात आपल्या लोकांचे नुकसान होताना मी पाहिले आहे. युरोपातली घरे थंडीत पूर्ण बंद असतात. आपला स्वयंपाक वाफेचा, कुकरच्या शिट्ट्यांचा आणि रश्श्याच्या उकळीचा असतो, शिवाय कपडेही घरातच वाळत घातले जातात. ती सारी वाफ गार भिंतीवर बसते आणि महिन्याभरात खिडकीच्या कडेला, कपाटामागे काळी बुरशी येते. आषाढात आपल्या जुन्या घरांच्या भिंतींना जी ओल येते तिचाच हा प्रकार, फक्त तिथे घर सोडताना घरमालक त्याची भरपाई अनामत रकमेतून मागू शकतो. यावर जर्मन माणसांचा उपाय सोपा आणि खात्रीचा आहे. दिवसातून दोन ते तीन वेळा घराच्या समोरासमोरच्या खिडक्या पाच ते दहा मिनिटे पूर्ण उघडायच्या आणि लगेच बंद करायच्या. खिडकी दिवसभर किंचित उघडी ठेवली तर भिंत गार पडते, ऊर्जा वाया जाते आणि ओल उलट वाढते. स्वयंपाक झाल्यावर, आंघोळ झाल्यावर आणि कपडे वाळत असताना हे न चुकता करावे, कपाटे बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत, आणि मिरचीची फोडणी द्यायची असेल तेव्हा धूर ओढणारा पंखा आधी लावून मगच तेल तापवावे. ठसक्याने शेजाऱ्यांची तक्रार येण्याआधी छतावरचा धुराचा भोंगाच वाजू लागतो.

टोरांटोच्या बाजूला थंडी याहून कडक असते. थंडीच्या लाटेत पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरू शकतो आणि वारा असला तर अंगाला ती आणखी बोचते. म्हणून तिथे नुसते तापमान पाहून बाहेर पडू नये, वाऱ्यासह किती जाणवेल तो दुसरा आकडा पाहावा. बर्फ ओढण्याचे फावडे आणि जमिनीवर टाकायच्या मिठाची पिशवी नोव्हेंबरातच घरात आणावी, कारण पहिला मोठा बर्फ पडला की दुकानातला तो कोपरा दुपारपर्यंत रिकामा होतो. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांनी थंडीच्या टायरची वेळही ऑक्टोबरातच ठरवावी. शेजारच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर बसवणे कायद्यानेच सक्तीचे आहे.

ओळखीची वाटणारी दुकाने

परदेशात फसायला होते ते अगदी अनोळखी दुकानांत नव्हे, तर आपल्याकडच्यासारख्याच दिसणाऱ्या दुकानांत. जर्मनीत साबण, टूथपेस्ट, बाळाचे लंगोट आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणारी मोठी दुकाने गल्लोगल्ली असतात आणि आपल्याला वाटते की हे मेडिकल आहे. पण तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळीही तिथे मिळत नाही, त्यासाठी लाल रंगातले मोठे ए अक्षर असलेले औषधालयच शोधावे लागते. रात्री किंवा रविवारी पाळीप्रमाणे एखादेच औषधालय उघडे असते आणि त्याचा पत्ता प्रत्येक बंद औषधालयाच्या दारावर लावलेला असतो. ब्रिटनमध्ये हीच गोळी किराणा दुकानात मिळते, पण एका वेळी १६ गोळ्यांच्या दोन पाकिटांहून अधिक देत नाहीत. तेव्हा घरातली औषधे, ताप मोजण्याचे यंत्र आणि नेहमीच्या गोळ्यांची डॉक्टरांनी लिहून दिलेली इंग्रजी चिठ्ठी बरोबर न्यावी.

जर्मनीत किराणा दुकानातली ढकलगाडी साखळीने बांधलेली असते आणि ती सोडवायला ५० सेंट किंवा १ युरोचे नाणे लागते. नाणे परत मिळते, म्हणून एक नाणे कायम पाकिटात वेगळे ठेवावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतली जाते. रिकामी बाटली न चेपता दुकानातल्या यंत्रात टाकली की चिठ्ठी मिळते आणि ती दाखवली की बिलातून तेवढी रक्कम वजा होते. लेकीने पहिले तीन महिने बाटल्या कचऱ्यात टाकल्या, आणि महिन्याला किती पैसे गेले याचा हिशेब आम्ही दोघींनी बसून केला तेव्हा तिला फार वाईट वाटले. पैसे देण्याच्या टेबलावर सामान भराभर पुढे सरकते, पिशवीत भरून देणारा माणूस नसतो, त्यामुळे सगळे आधी गाडीत परत टाकावे आणि बाजूच्या फळीवर जाऊन निवांत भरावे. कॅनडात वेगळीच अडचण येते. तिथे पाटीवरचा दर करासह नसतो. टोरांटो ज्या ओंटारिओ प्रांतात आहे तिथे १३ टक्के कर बिल करताना वर चढतो. भाजी, दूध, पीठ अशा कच्च्या शिध्यावर तो लागत नाही, पण मोजून पैसे घेऊन गेलेल्या नव्या विद्यार्थ्याला हे ठाऊक नसले तर एखादी वस्तू परत ठेवावी लागते.

पाकिटावरच्या तारखा वाचायला शिकावे. 'यूज बाय' ही तारीख उलटली की मासे, मटण, दुधाचे ताजे पदार्थ खाऊ नयेत, ती सुरक्षिततेची तारीख आहे. 'बेस्ट बिफोर' ही चवीची आणि ताजेपणाची तारीख आहे, ती उलटल्यावरही बिस्किटे, डाळी, पीठ बहुधा चांगले असते. संध्याकाळी मोठ्या दुकानांत तारीख जवळ आलेल्या मालावर उतरत्या दराचे लेबल लावतात, आणि विद्यार्थ्यांनी त्याचा उपयोग संकोच न करता करावा.

आता मटणाचा प्रश्न, कारण कोल्हापूरच्या माणसाला तो पहिल्याच आठवड्यात पडतो. जर्मनीतल्या साध्या किराणा दुकानात हाडासह कापलेले बकऱ्याचे मटण मिळण्याची आशा ठेवू नये. तुर्की दुकान शोधावे. तिथल्या मटणवाल्याकडे मेंढीचे किंवा कोकराचे मांस असते, आणि हाडासह लहान तुकडे हवेत असे हाताने दाखवून सांगितले तर तो तसे कापून देतो. तांबड्या रश्श्याला ते चांगले चालते, मात्र त्याला चरबी अधिक असल्याने वरचा तवंग थोडा काढून घ्यावा. हिरवी मिरची, वांगी, कोथिंबिरीची मोठी जुडी, डाळिंब आणि हरभरेही तिथेच स्वस्त मिळतात. कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सलीची जुडी शेजारीच ठेवलेली असते, ती वास घेऊनच ओळखावी. कढीपत्ता, ओले खोबरे आणि तूरडाळ यांसाठी भारतीय किंवा आशियाई दुकान गाठावे लागते. लंडनला ईलिंग रोड आणि साउथॉल, लेस्टरला बेलग्रेव्ह रोड, टोरांटोला जेरार्ड स्ट्रीट, मेलबर्नला डँडेनाँग आणि टोकियोला शिन-ओकुबो या भागांत आपल्याकडचा माल मिळतो, पण दर आठवड्याला तिकडे खेप घालण्यापेक्षा महिन्यातून एकदा यादी करून जाणे परवडते.

टोकियो आणि मेलबर्न

आमच्या शेजारच्या घरातला मुलगा टोकियोत नोकरीला आहे आणि त्याच्या आईने मला जे सांगितले त्यावरून जपानी माणसे ऋतूंच्या बाबतीत आपल्याही पुढे असावीत असे वाटते. त्यांनी वर्षाचे २४ भाग आणि त्यांचेही ७२ बारीक भाग पूर्वीपासून मानले आहेत. १ जून आणि १ ऑक्टोबर हे कपडे बदलण्याचे दिवस समजले जातात, अनेक शाळांचे गणवेशही त्या सुमारास बदलतात. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळी, दमट हवा आणि उन्हाळ्याच्या शेवटापासून वादळे, त्यामुळे आपल्या मुलांना तिथला जून फार परका वाटत नाही. तिथल्या गल्लीतले लहान दुकान, ज्याला कोनबिनी म्हणतात, ते बहुधा २४ तास उघडे असते. वीजबिल भरणे, पैसे काढणे, पार्सल पाठवणे ही कामेही तिथे होतात, म्हणून नव्या माणसाने घराजवळच्या अशा दुकानाशी पहिल्या दिवशीच परिचय करून घ्यावा. थंडी जवळ आली की तिथे रश्शात शिजवलेले गरम पदार्थ मांडले जातात. मांसाहार किंवा मासे न खाणाऱ्यांनी मात्र जपून राहावे, कारण तो रस्सा माशाचा असतो आणि वरून ते कळत नाही.

ऑस्ट्रेलियात सारा कागदच सहा महिने उलटा लिहावा लागतो. तिथे उन्हाळा १ डिसेंबरला सुरू झाला असे मानतात, शाळांचे नवे वर्ष जानेवारीच्या अखेरीस चालू होते, दिवाळी वसंतात येते आणि गुढीपाडवा पानगळीच्या सुरुवातीला. आंबा नाताळच्या सुमारास भरात असतो, त्यामुळे बहिणीच्या मुलाच्या घरी आमरसाचे जेवण अक्षय्य तृतीयेला न होता डिसेंबरात होते. संक्रांत ऐन उन्हाळ्यात येत असल्याने ते तीळगूळ थोडाच करतात आणि लाडू बाहेर न ठेवता फ्रीजमध्ये ठेवतात. मेलबर्नची हवा एका दिवसात चार ऋतू दाखवते असे तिथलेच लोक म्हणतात, आणि ते खरे आहे, सकाळी घामाने भिजलेला माणूस दुपारी स्वेटर शोधतो. ऊन मात्र आपल्या चैत्राच्या उन्हाहूनही कातडीला अधिक बाधक असते. टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि उन्हापासून रक्षण करणारे मलम यांशिवाय मुलांना मैदानावर पाठवू नये.

दुबईकडे जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगते की तिथे घरात कोंडून राहण्याचे महिने उन्हाळ्याचे असतात. मैदानी खेळ, पाहुण्यांचे येणे आणि घर बदलणे हे सर्व नोव्हेंबर ते मार्चमध्ये उरकावे. इमारतीच्या खालचा बकाला, म्हणजे लहान किराणावाला, फोनवर सांगितले की सामान घरी पोहोचवतो.

बॅगेत काय असावे

कांदा-लसूण चटणी दोन किलो न नेता अर्धा ते पाऊण किलो न्यावी, कारण दमट स्वयंपाकघरात मोठी बरणी वारंवार उघडली की चटणीचा रंग उतरतो आणि वास जातो. लहान लहान पुड्या करून, हवा काढून, दुहेरी पिशवीत बांधाव्यात आणि एकच वापरात ठेवून बाकीच्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात. गुळाची पूर्ण ढेप नेण्यापेक्षा गूळ पावडर न्यावी, ती फोडायला लागत नाही आणि मोजायला सोपी पडते. भाजणी आणि मेतकूट का न्यावे, ते वर सांगितलेच आहे.

एका गोष्टीत मात्र भावनेला आवर घालावा. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, खवा आणि घरचे तूपही नाही. अंबाबाईचा प्रसाद म्हणून द्यायचाच असेल तर साखरफुटाणे द्यावेत. ऑस्ट्रेलियात नियम याहून कडक आहेत. खाण्याची प्रत्येक वस्तू, बिया आणि लाकडी पोळपाट-लाटणेसुद्धा उतरताना भरायच्या कागदावर जाहीर करावे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, पण लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो.

बारा रकान्यांचा तो कागद दुसऱ्या वर्षी टाकून देऊ नये, त्यावरच वेगळ्या शाईने दुरुस्त्या कराव्यात. लेकीने गेल्या वर्षी घर बदलले तेव्हा तिच्या जुन्या घरात इचलकरंजीचे एक कुटुंब राहायला आले, आणि तिने किल्लीबरोबर तो कागदही त्यांच्या हाती दिला. त्यांनी ऑक्टोबरच्या रकान्यात एक ओळ वाढवून तिला फोटो पाठवला. कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानात याच महिन्यात ताजी मेथी आलेली त्यांना दिसली होती.